लाल ट्रे

या घरात रविवारी दुपारी नानांनी “पास” म्हटल्याशिवाय कुणी चमच्याला हात लावत नसे. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटायचं. घरातल्यांना मात्र यात काही विशेष आहे हेच माहीत नव्हतं. बेअरिंगच्या कारखान्यात नानांनी सगळी हयात तपासनीस म्हणून काढली. चांगला नग हिरव्या ट्रेत, खोड असलेला लाल ट्रेत. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि ट्रे ते न विचारताच डोक्यात घालून घरी घेऊन आले. पहिला घास घ्यायचा, जरा थांबायचं, बोटाच्या पेराने टेबलावर दोनदा टकटक करायचं आणि म्हणायचं, “पास.” जमलं नसेल तर टकटक नाही, नुसतं “लाल ट्रे.” त्यापुढे चर्चा नाही.

थोरल्या सुनेच्या हातचं काही लाल ट्रेत गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. धाकट्या मुलाचं काही हिरव्या ट्रेत गेल्याचंही कुणाला आठवत नव्हतं. त्या रविवारी जे झालं त्याचं मूळ एवढंच.

थोरली सकाळपासून भोपळ्याच्या सूपमागे लागली होती. आठवडाभर ती औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून लोकांच्या खोकल्याच्या आणि कंबरदुखीच्या कहाण्या ऐकायची. रविवार मात्र तिचा स्वतःचा. रोजचा स्वयंपाक कोण करतं, कसा करतं, याचं तिला काही नव्हतं. तिचा नवरा आमटीभात करायचा आणि सगळे गप जेवायचे. रविवारचं वेगळं होतं. भोपळा ओव्हनमध्ये कडा काळ्या होईपर्यंत भाजायचा, कांदा मंद आचेवर तपकिरी व्हायला अर्धी सकाळ द्यायची, पाव आदल्या दिवशीच मळून ठेवायचा. आणि हे सगळं दोन टकटकींसाठी. हे तिला कुणी तोंडावर सांगितलं असतं तर तिने त्याला घराबाहेर काढलं असतं.

ताई आली ती काखेत जाडजूड पुस्तक मारून. ही नानांची मधली मुलगी, ग्रंथालयात नोकरीला. गेल्या हिवाळ्यात नानांना मोठा ताप आला, त्यातून उठल्यापासून त्यांना तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांचं वेड लागलं होतं आणि ते ताईच पुरवत होती. रविवारी जेवणं झाली की बापलेक खोलीचं दार लोटून वाचत बसायचे. मधूनच आतून हसू यायचं. ते हसू ऐकलं की थोरलीला भांडी जरा जास्तच जोरात घासावीशी वाटायची. एकदा तिने ते पुस्तक चोरून उघडलं होतं. पहिल्या पानाच्या मध्यावर तिला झोप लागली, आणि जागी झाल्यावर राग आला.

“वन्सं, आज कुठलं आणलंत?”

“त्याचाच पुढचा भाग, वहिनी. गोडी फळात असते की जिभेत, तिथे अडकलोय आम्ही.”

“त्यात अडकण्यासारखं काय आहे? फळच आंबट असलं तर जीभ बिचारी काय करणार?”

ताई हसली. “नानांनाही आधी असंच वाटायचं.”

या ‘आधी’मध्ये थोरलीला मागे टाकून दोघं कुठेतरी पुढे निघून गेली होती. थोरलीने सूप चाखलं, मीठ चिमूटभर वाढवलं, पुन्हा चाखलं आणि गॅस बंद केला. जमलं होतं. नेमकं जमलं होतं. वाचा म्हणावं पुस्तकं.

तेवढ्यात धाकटा आला. चादरीत गुंडाळलेलं काहीतरी त्याने तान्ह्या मुलासारखं छातीशी धरलं होतं. चाळिशी उलटलेला गृहस्थ, एका मोठ्या कचेरीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. पण खरा जीव घरच्या टेबलावर. लोकांनी टाकून दिलेली यंत्रं उघडायची, ज्याचं जे चालतंय ते काढायचं आणि त्यातून एक नवीन उभं करायचं. हे त्याने नानांसाठी केलं होतं. आत पंखा नाही, त्यामुळे आवाज नाही. बटण एकच. ताईची जाडजूड पुस्तकं त्यात घातली की पडद्यावर हव्या त्या आकाराची अक्षरं दिसायची.

थोरलीने चादरीचं टोक उचलून पाहिलं. “भाऊजी, हा माझ्या जुन्या ओव्हनचा पत्रा ना?”

“भंगारातच चालला होता, वहिनी. म्हटलं याची पेटी करू. चांगला पत्रा आहे.”

“आहेच. आमचा पत्रासुद्धा कधीचा पास झालेला आहे. म्हणजे तुमचं अर्धं काम आधीच झालंय.”

बोलून गेल्यावर तिला वाटलं, जरा जास्त झालं. पण ताई फिसकन हसली, आणि मग शब्द मागे घेणं जिवावर आलं. ती टेबलावर घालायची चादर आणायला गच्चीत गेली. ताई नानांच्या खोलीत गेली.

धाकटा स्वयंपाकघरात एकटाच उरला. तो आला होता खणातला छोटा स्क्रूड्रायव्हर घ्यायला. तो मिळालाही. पण समोर सूपचं पातेलं होतं, आणि ते इतकं तयार, इतकं निश्चिंत दिसत होतं की त्याच्या पोटात दुखायला लागलं.

शाळेत त्याने विजेची घंटा केली होती, लाल ट्रे. सायकलला स्वतः गिअर बसवला, लाल ट्रे. नानांचा रेडिओ दुरुस्त केला, तो आजही वाजतोय, तेव्हा नाना म्हणाले होते, “खरखर आहे. लाल ट्रे.” आणि ही बाई या घरात आली त्या पहिल्या रविवारी हिने काय केलं होतं, तर साधा भात! साध्या भाताला टकटक! तेव्हापासून दर रविवारी टकटक. एकदा, फक्त एकदा हिला कळू दे ते दोन शब्द कसे लागतात. म्हणजे मग आपल्या बाजूला कुणीतरी असेल.

मिठाची बरणी गॅसशेजारीच होती. त्याने एक मोठा चमचा टाकला. ढवळलं. मग आणखी एक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्याला त्या क्षणीही कळत होतं. पण हात थांबला नाही.

थोरला शाळेची बस चालवायचा. बसमधल्या पन्नास पोरांचा कलकलाट त्याला परवडायचा, पण आपल्या भावंडांची शांतता परवडायची नाही. टेबलाशी बसताच त्याने ओळखलं की आज कुणीतरी कुणाला काहीतरी बोललेलं आहे. त्याने घाईघाईने पावाची स्तुती सुरू केली.

“काय फुगलाय हो पाव! नाना, बघा तरी.”

“बघतोय,” नाना म्हणाले.

थोरलीने त्यांचा वाडगा आणून समोर ठेवला, एका हाताने, सहज. नानांनी चष्म्यावरून तो ठेवताना पाहिलं. मग चमचा भरला, तोंडात घेतला, जरा थांबले.

टेबलाखाली धाकट्याने दोन्ही मुठी आवळल्या होत्या.

टक, टक. “पास.”

सगळ्यांनी चमचे उचलले. थोरल्याने पहिला घोट घेतला आणि त्याचे डोळे पाण्याने भरले. तरी तो सज्जन माणूस. “छान झालंय,” एवढं तो कसाबसा म्हणाला आणि ग्लासभर पाणी एका दमात प्याला. ताईने चमचा ओठाला लावला आणि हळूच खाली ठेवला. शेवटी थोरलीने चाखलं.

तिला आधी वाटलं, आपलीच जीभ बिघडली. तिने पुन्हा चाखलं. मग तिने नानांकडे पाहिलं. नाना शांतपणे जेवत होते. वाडगा निम्मा झाला होता. पावाचा तुकडा त्यात बुडवून त्यांनी खाल्ला आणि मिशी पुसली.

“नाना, मीठ बरोबर आहे?”

“नेहमीसारखंच आहे.”

थोरलीने आधी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर फक्त तहान होती. मग तिने ताईकडे पाहिलं. ताई ताटाकडे बघत होती. आश्चर्य वाटलेलं माणूस इकडेतिकडे बघतं, ताटाकडे बघत नाही.

“वन्सं, तुम्हाला माहीत होतं.”

ताईला माहीत होतं. हिवाळ्यातल्या तापाने नानांची चव गेली, वासही गेला, आणि दोन्हींतलं काहीच परत आलं नाही. फळात की जिभेत, ते पान वाचताना नाना पुस्तक मिटून म्हणाले होते, माझ्यापुरता प्रश्न सुटलाय गं, जिभेतच असते. कुणाला सांगू नकोस. ताईने नाही सांगितलं. वडिलांनी सांगितलं म्हणून नाही सांगितलं, हे तर होतंच. पण आई गेल्यावर याच स्वयंपाकघरात, थोरली यायच्या आधी, ताई रांधायची. आणि तिचे किती रविवार लाल ट्रेत गेले होते ते तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात नव्हतं. म्हणून गेले कित्येक महिने नानांनी टेबलावर टकटक केली की तिला आतून गुदगुल्या व्हायच्या. कर बाई, भाज भोपळा! ज्याच्यासाठी करतेस त्याला लाकूड आणि साखर सारखीच लागते, आणि हे फक्त मला माहीत आहे. असं सुख फार चांगलं नसतं, पण ते तिने सोडलंही नव्हतं.

“नानांनी सांगू नको म्हटलं होतं,” ती म्हणाली.

“तुम्हाला सांगितलं. मला नाही.”

“वहिनी, तसं नाही...”

“तसंच आहे. मी दर रविवारी समोर आणून वाढते, आणि सांगायला मात्र पुस्तकवाली मुलगी!” थोरलीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि थोरल्याला त्याचीच धास्ती वाटली. ती नानांकडे वळली. “कधीपासून, नाना?”

“तापापासून.”

“म्हणजे तापानंतरचे सगळे पास खोटे?”

नानांनी चमचा वाडग्याशेजारी सरळ रेषेत ठेवला. “खोटा शिक्का मी जन्मात मारलेला नाही, सूनबाई. कारखान्यात माझी भिंगाची काच फुटली होती तेव्हासुद्धा बोटाने चाचपून बघायचो, पण तपासल्याशिवाय नग सोडला नाही.”

“मग आता काय चाचपत होतात?”

“तुझे हात. तू चाखल्याशिवाय काही टेबलावर आणत नाहीस. जमलेलं असलं की वाडगा एका हाताने ठेवतेस. मनात शंका असली की दोन्ही हातांनी. तुझं तुला आधी कळलेलं असतं. मी ते फक्त मोठ्याने म्हणत होतो.”

थोरलीने आपल्या हातांकडे पाहिलं. इतक्या बारकाईने आपल्याकडे कुणी बघत होतं, याचं तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिला वाटलं, आपण परीक्षेत आपलाच पेपर तपासत होतो आणि मार्क बघून उड्या मारत होतो.

“आज एकाच हाताने ठेवलास,” नाना म्हणाले. “आज काय बिघडलंय?”

“तोंडात धरवत नाही इतकं मीठ आहे.”

“तू घातलंस?”

“नाही. मी घातलं तेव्हा बरोबर होतं.”

आता सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लहानपणी खोटं बोलतानाही त्याच्या तोंडाआधी कानच कबुली द्यायचे.

“मी टाकलं,” तो म्हणाला. “दोन चमचे.”

“अरे गाढवा!” थोरला उठलाच. “अन्नात? बायको सकाळपासून राबतेय, आणि तू—”

“बस,” नाना म्हणाले. थोरला बसला. “का टाकलंस?”

“वहिनी एकदा तरी लाल ट्रेत जावी म्हणून.” धाकट्याला खोटं सुचतच नव्हतं. “मी आज तुमच्यासाठी ते यंत्र आणलंय. तुम्ही ते लाल ट्रेत घालणार हे मला माहीत आहे. म्हटलं निदान एकटा नको जायला.”

ताईला हसू आलं आणि रडूही. थोरलीला यातलं काहीच आलं नाही. ती उठली, सगळ्यांचे वाडगे गोळा केले, नानांचा अर्धा वाडगाही उचलला आणि आत गेली. पाठीमागून थोरला “अगं ऐक तरी” म्हणाला. तिने ऐकलं नाही.

“आण तुझं यंत्र,” नाना म्हणाले.

थोरलीने सूप मोरीत ओतलं. ओतताना तिला रडायचं होतं, पण स्वयंपाकघराच्या दारातून टेबल दिसत होतं आणि नजर तिकडेच जात होती.

नानांनी यंत्र आधी दिव्याखाली घेतलं. मग उठून खोलीतून आपलं जुनं भिंग आणलं, तापानंतर ज्याला हात लावला नव्हता ते. एकेक स्क्रू पाहिला. पेटीला कान लावून बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, अंगठ्याएवढी.

“आवाज नाही,” ते म्हणाले.

“पंखाच नाही, नाना. उष्णता पत्र्यातूनच बाहेर जाते.”

“हं. तारा कशा बांधल्यास, दाखव.”

धाकट्याने मागचं झाकण काढलं. नानांनी आत बोट घातलं, तारांवरून फिरवलं, मग पत्र्याच्या कडेवरून. एक बाजू, दुसरी बाजू. थोरल्याने पाव तोडणं थांबवलं होतं. मागच्या कोपऱ्यावर नानांचं बोट थांबलं. ते परत मागे गेलं आणि तिथेच आलं.

“इथे धार राहिलीय. पुसायला घेतलं तर हात कापेल.” त्यांनी यंत्र खाली ठेवलं. “लाल ट्रे.”

धाकट्याने मान खाली घातली. सकाळी हे ऐकलं असतं तर तो चादरीसकट उठून निघून गेला असता. पण आता त्याने त्या कोपऱ्यावरून आपलं बोट फिरवलं. खरंच धार होती. त्याला ती लागलीच नव्हती.

“कानस आहे घरात?” त्याने विचारलं.

“माझ्या पेटीत. चपटी घे, गोल नको. आणि वरून खाली मार, उलटी नको.”

“तुम्ही धरता?”

“धरतो.”

बापलेक गॅलरीत गेले. थोड्या वेळाने कानशीचा आवाज सुरू झाला. मधेच नाना काहीतरी म्हणाले, धाकटा काहीतरी म्हणाला, आणि दोघं हसले. ताईने पुस्तक हातात घेऊन गॅलरीकडे पाहिलं आणि ते पुन्हा टेबलावर ठेवलं. आज वाचन होणार नव्हतं. तिचा चेहरा पडला.

ती स्वयंपाकघरात आली. “वहिनी, मी सांगायला हवं होतं.”

“हो.”

“मला बरं वाटत होतं. तुम्हाला माहीत नाही आणि मला माहीत आहे, याचं.”

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. इतकं खरं बोलणं या घरात एका दुपारच्या मानाने फार झालं होतं. “आणि आता?”

“आता ते तिकडे हसतायत,” ताई म्हणाली, “आणि मी इकडे.”

“या मग. कांदा चिरा.”

दोघी शेजारी उभ्या राहिल्या. भाजलेल्या भोपळ्याच्या चार फोडी थोरलीने दुसऱ्या दिवसासाठी बाजूला ठेवल्या होत्या, त्या तिने कुस्करल्या. कानशीचा आवाज येतच होता. शेवटी ती म्हणाली, “भाऊजींवर मी चिडायला हवं ना? मला चिडता येत नाहीये, वन्सं. मला त्यांचा हेवा वाटतोय.”

“लाल ट्रेचा?”

“नानांचं बोट बघितलंत ना? परत मागे नेलं त्यांनी. माझ्या सूपवर ते असे कितीतरी दिवसांत थांबले नाहीत. थांबणार कसे?” ती कांदा परतत राहिली. “असा लाल ट्रे मला कुणी दिला असता तर मी सगळे पास परत केले असते.”

ताईने मिठाची बरणी तिच्यापुढे सरकवली. थोरलीने ती होती तिथे परत ठेवली.

सूप तयार झालं तेव्हा गॅलरीतला आवाज थांबला होता आणि बापलेक टेबलाशी परतले होते. धाकटा कपड्याने पेटी पुसत होता. कोपरा आता गुळगुळीत झाला होता, पण नानांनी अजून टकटक केलेली नव्हती आणि धाकटाही त्यांना विचारत नव्हता. थोरलीने नानांपुढे वाडगा आणून ठेवला, एका हाताने, सहज.

नानांनी तिच्या हाताकडे पाहिलं. चमचा तोंडात घेतला. थांबले. बोटाचं पेर टेबलावर एकदा टेकवलं, टक, आणि तसंच ठेवलं. दुसऱ्यांदा उचललं नाही. त्यांनी मान वर करून सुनेकडे पाहिलं.

“मला कळत नाही, सूनबाई,” ते म्हणाले. “तू सांग. कसं झालंय?”

थोरली तशीच टेबलाशी उभी राहिली. “मीठ नाही, नाना. घातलंच नाही. अळणी आहे.”

“काहीच नाही?”

“कणभरही नाही.”

नानांनी वाडगा एका बोटाने तिच्याकडे सरकवला, कारखान्यात सरकवत असतील तसाच.

“मग लाल ट्रे,” ते म्हणाले. “नीट करून आण. भूक लागलीय.”

थोरलीने वाडगा दोन्ही हातांनी उचलला. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिला हात मोकळा नव्हता, आणि धाकट्याने हसऱ्या तोंडाने वाट सोडली तेव्हा ती त्याला म्हणाली, “सरका भाऊजी, मला काम आहे.”